हरवलेला फौजदार

१२ नोव्हेंबर २०२५
इंदोरा, नागपूर

माया,

जयभीम. अक्षर ओळखून फाडू नको, आधी वाच. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहे, म्हणून पोस्टात जावं लागलं. तिथल्या मुलीनं विचारलं, "आजी, साधं पाठवायचं का स्पीड पोस्ट?" मी म्हणली, "स्पीडनंच पाठव बाई, सहा वर्षं उशीर आधीच झाला आहे."

दादा घरातून गेला आहे. रविवारी सकाळी गेला, आज बुधवार. निळा शर्ट, तपकिरी स्वेटर, खांद्यावर कापडी पिशवी. फोन टीव्हीवर ठेवून गेला. दुपारी जेवायले आला नाही, तं मले वाटलं उमरेडले गेला असेल, खाणीतल्या जुन्या दोस्ताइकडं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी महिन्यातून एकदा तिकडं चक्कर असतेच त्याची. संध्याकाळी तिकडं फोन लावला. ते म्हणाले, "प्रेमानंद तं दिवाळीपासून इकडं फिरकलाच नाही."

सोमवारी ठाण्यात गेली. हवालदार भला माणूस आहे. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं लिहून घेतलं. विचारलं, "घरात काही वाद झाला होता का?" मी सांगितलं, नाही. साठी उलटलेल्या बहीण-भावात कायचा वाद. बसस्टँडच्या कॅमेऱ्यात दादा दिसला म्हणे, पुढं कुठं गेला ते समजत नाही. नातेवाईकांचे नंबर मागितले, तं तुझाही दिला. तू त्याले म्हणली, मले माहीत नाही, अन् फोन ठेवला.

माया, तो तुझ्याकडं आला असेल तं मले कोरं पोस्टकार्ड टाक. एक अक्षर लिहू नको, मी समजून घेईन.

तुझ्या मेघाच्या वेळेस जे झालं, त्यात माझा हात नव्हता हे मी तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगते. ते जाऊ दे. दादाचं पाहा.

तुझी
इंदूताई


१५ नोव्हेंबर

माया,

कोरं कार्डही आलं नाही, म्हणजे तो तुझ्याकडं नाही असं समजते.

इथं काय चाललं आहे ते ऐकशील तं तुले हसू येईल. मलेही येते, मंग लाज वाटते, मंग पुन्हा येते. आपल्या गल्लीच्या तोंडावर नत्थूचा पानठेला आहे ना, ते आता मुख्य ठाणं झालं आहे. खऱ्या ठाण्यात एक हवालदार दादाचा शोध घेऊन राहिला, इथं चाळीस जण. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घोटून नत्थूचा हात दुखून राहिला, एवढं गिऱ्हाईक.

पहिल्या दिवशी ठरलं की दादा भंते झाला. दिवाळीत तो विहारात दोनदा उशिरापर्यंत बसला होता, हा पुरावा. कोणीतरी तं त्याले बोधगयेले चीवर घालून पाहिलंही. मी त्या माणसाले विचारलं, "तू बोधगयेले कधी गेला होता?" तं म्हणे, "मी नाही गेलो, माझ्या साळ्यानं पाहिलं." साळ्याले फोन लावला. तो भंडाऱ्याले होता.

दुसऱ्या दिवशी वाघ आला. उमरेडच्या जंगलात वाघ आहेत, दादा उमरेडचा, म्हणून वाघानं नेला. मी म्हणली, "अरे, वाघ बसस्टँडवर आला होता का?" तं म्हणे, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, पण वाघाचं काही सांगता येत नाही."

तिसऱ्या दिवशी डिजिटल अरेस्ट. कोण्या चोरानं पोलीस बनून फोनवर त्याले धमकावलं अन् कुठल्या तरी हॉटेलात कोंडून ठेवलं. आता ज्या माणसाचा फोन टीव्हीवर पडला आहे त्याले फोनवरून कोण कोंडणार? पण हे विचारायची सोय नाही. विचारलं की लोक माझ्याकडं अशी दया करून पाहतात, जशी मीच येडी झाली.

बाया रोज येऊन बसतात. खरं सांगू, घर भरलेलं राहते ते बरं वाटते. वरच्या खोलीत दादाचा रेडिओ नाही, पायऱ्यांवर त्याच्या चपलांचा आवाज नाही, अन् मी एकटीच दोन माणसाचा चहा टाकून बसते. कोणी आलं की तो दुसरा कप कामी येते.

समोरच्या शोभाताई तेवढ्या कमी बोलतात. तुले त्या माहीत नाहीत, तू येणं बंद केलं त्याच्यानंतर त्या राहायले आल्या. नवरा वारल्यावर डब्बे करायले लागल्या. कॉलेजच्या पोराइले, दवाखान्यातल्या नर्साइले डब्बे देतात. दादा त्याइचा मिक्सर, कुकर, पंखा, जे बिघडेल ते दुरुस्त करून द्यायचा अन् चार वाजता त्याइच्या ओट्यावर चहा प्यायचा. त्याइनं काल एवढंच विचारलं, "इंदूताई, जायच्या आधी ते तुम्हाले काही बोलले नव्हते का?"

मी म्हणली, "नाही."

तुझी
इंदूताई


१८ नोव्हेंबर

माया,

आता दादा मोबाईलवरही आला. मागच्या गल्लीतला उन्मेष आहे, त्यानं एक चॅनल काढलं आहे, 'आपली गल्ली, आपली खबर'. नळाले पाणी नाही, नालीवर झाकण नाही, असं दाखवत होता बिचारा. कोणी पाहत नव्हतं. दादाचा पहिला व्हिडिओ टाकला अन् दोन दिवसात अख्ख्या नागपुरानं पाहिला. सदरमधल्या बँकेत गेली तं खिडकीतली पोरगी म्हणे, "त्या हरवलेल्या काकांच्या बहीण का तुम्ही?" अन् माझं काम रांगेच्या आधी करून दिलं.

तं उन्मेषनं शोभाताईले विचारलं, "काकाइले शेवटचं कोणी पाहिलं?" त्या बाईनं खरं ते सांगितलं. "रविवारी सकाळी सात वाजता आले होते. म्हणाले, प्रवासात खायले काही द्या. मी पोळ्या अन् कोथिंबिरीची सांभारवडी बांधून दिली. कुठं चालले म्हणून विचारलं, तं हसले अन् म्हणाले, आल्यावर सांगतो." हे त्याइनं पोलिसाइलेही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

व्हिडिओत ह्याच्यावर लाल अक्षरात आलं: शेवटची भेट, शेवटचं जेवण.

बस. दोन तासात वाघ गेला, भंते गेला, डिजिटल अरेस्ट गेलं. राहिली फक्त सांभारवडी. त्यात काय होतं? विधवा बाई, एकटा माणूस, रोज चार वाजताचा चहा. ज्या बाया माझ्या घरी बसून राहत होत्या त्या आता दारातून समोरच्या ओट्याकडं पाहत बसतात.

मंग उन्मेष माझ्याकडं आला. "मॅडम, तुम्हाले कोणावर संशय?" मी म्हणली, "मी काय सांगू बाबा, लोकच सांगून राहिले." एवढंच. त्यानं ते वाक्य तीनदा दाखवलं. आता सगळे म्हणतात, बहिणीनंच इशारा दिला.

तूच सांग, मी काही चुकीचं बोलली का? कोणाचं नाव घेतलं का? मी काहीच बोलली नाही.

इंदूताई


२१ नोव्हेंबर

माया,

तू उत्तर देत नाही हे बरंच आहे. दिलं असतं तं मी हे पत्र लिहू शकली नसती.

शोभाताईकडं चौतीस डब्बे जात होते. काल नऊ गेले. पोराइच्या आईबापाइनं गावावरून फोन करून सांगितलं, त्या बाईचं खाऊ नको. नर्साइनंही बंद केले. कोणीतरी त्याइच्या दारावर कोळशानं लिहिलं, ते मी इथं लिहीत नाही. सकाळी त्या बादली घेऊन पुसत होत्या अन् गल्लीतलं एक माणूस मदतीले उठलं नाही. मीही नाही. मी खिडकीच्या आत होती.

दुपारी दार वाजलं. शोभाताई. हातात डब्बा. म्हणाल्या, "दहा दिवसापासून पाहते, तुमच्या घरातून फोडणीचा वास नाही. तुम्ही जेवत नाहीत." मी दारातच उभी राहिली, डब्बा हातात घेतला नाही. त्या म्हणाल्या, "घाबरू नका, मी आधी खाऊन दाखवते." अन् खरंच माझ्यासमोर पोळीचा तुकडा मोडून खाल्ला.

माया, माझ्या आयुष्यात कोणी मले अशी थापड मारली नाही. अन् ती बाई मारायले आली नव्हती, जेवू घालायले आली होती.

आता खरं लिहिते.

दादाच्या जाण्याच्या आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. तो शनिवारी सायंकाळी नाचतच घरी आला. म्हणे, "इंदे, नाटक कंपनीचा निरोप आला. एका नटाचा पाय मोडला, मले बोलावलं." तुले आठवते का, तो खाणीत होता तेव्हा कॉलनीच्या गणपतीत, जयंतीले, नाटक बसवायचा. चाळीस वर्षं त्याच्या मनात तेच होतं. अन् मी काय केलं? मी त्याचं पूर्ण ऐकलंही नाही. मी हसली. म्हणली, "ह्या गुडघ्याइनं? तोंडात दात किती राहिले ते मोज आधी." तरी तो हसत होता. मंग मी गल्लीत गेली अन् पानठेल्यासमोर सगळ्याइले सांगितलं, "ऐका गा, आमचे दादा हीरो झाले." लोक हसले. कोणी शिट्टी मारली. मी मागं पाहिलं तं दादा दारात उभा होता.

तो वरच्या खोलीत निघून गेला. रात्री जेवला नाही. सकाळी मी उठली तं गेलेला.

पोलिसाइले हे सांगितलं नाही. काहून? तं पहिले दोन दिवस लाजेपोटी. नंतर भीतीपोटी. मले वाटायले लागलं की त्यानं जिवाचं काही बरंवाईट केलं असेल. तलावात कोणी सापडलं असं ऐकलं की मी आधी शर्टाचा रंग विचारायची. अन् मंग गल्ली शोभाताईकडं पाहायले लागली, तं माया, मले हलकं वाटलं. मले सुटका वाटली. हे मी कोणाले सांगितलं नाही, तुले सांगते.

लिहायले बसलीच आहे तं दुसरंही लिहिते. सहा वर्षाआधी मेघा दोन दिवस घरी नव्हती. ती विशाखापट्टणमले नर्सिंगच्या मुलाखतीले गेली होती अन् तू भाऊजीपासून लपवलं होतं. मी त्या दिवशी भिलाईले तुझ्याच घरी होती. तुले फोनवर रडताना पाहिलं. नागपूरले परत येईपर्यंत मी मनात सगळी कथा रचली होती. मेघा पळून गेली हे इतवारीतल्या आत्याले मीच सांगितलं. आत्याच्या तोंडून ते उमरेडच्या पाहुण्याइपर्यंत गेलं अन् मेघाची सोयरीक मोडली. तू विचारलं तेव्हा मी म्हणली, मी नाही.

मीच होती.

इंदू


२४ नोव्हेंबर

माया,

काल रविवारी विहारात वंदना झाल्यावर लोक थांबले. विषय एकच, शोभाताईले गल्लीत राहू द्यायचं का नाही. घरमालकही आला होता. कोणी म्हणे पोलीस निकाल लावेपर्यंत तिनं दुसरीकडं जावं. शोभाताई मागं खांबाजवळ बसल्या होत्या, अगदी शांत. उन्मेष मोबाईल धरून उभा.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, माया. पोराइले म्हणायची, चूक झाली तं उभं राहून सांगा. काल मले उभं राहायले गुडघ्याइनं त्रास दिला, पण राहिली.

म्हणली, "तुम्ही सगळे पंधरा दिवसापासून एकच प्रश्न विचारून राहिले, दादा काहून गेला. मले माहीत आहे तो काहून गेला. माझ्यामुळं गेला."

मंग सगळं सांगितलं. नाटक, माझं हसणं, पानठेला, शिट्टी. म्हणली, "तुमच्यातले सात-आठ जण तिथं होते, तुम्हीही हसले होते. शोभाताईनं त्याले वाटेत खायले दिलं. आपण त्याले काय दिलं ते आठवा."

 मंग मागून नत्थू हळूच उठला. पंधरा दिवस त्याच्या ठेल्यावर दुनियाभरच्या गोष्टी झाल्या, पण आवाज असा की जसा वर्गात उत्तर न येणाऱ्या पोराचा.

"मॅडम, एक गोष्ट आहे. दादा त्या शनिवारी आधी माझ्याकडंच आले होते. म्हणत होते, वडसाच्या कंपनीचा फोन होता. मी समजलो गंमत करून राहिले."

"वडसा? नत्थू, तू हे काहून नाही सांगितलं गा?"

"तुम्ही म्हणल्या ना, काही वाद नाही, काही बोलला नाही. मंग मले वाटलं, बहिणीलेच माहीत नाही तं आपल्या गोष्टीत काय दम."

पाहा माया. माझ्याकडं अर्धं होतं, त्याच्याकडं अर्धं. मधी आम्ही वाघ सोडला.

तुले माहीतच आहे, वडसा म्हणजे तिकडं गडचिरोलीकडं. दिवाळीनंतर होळीपर्यंत त्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं होतात, अन् कंपन्या सगळ्या वडसाच्या. मी तिथूनच हवालदाराले फोन केला.  तो म्हणाला, "बाई, हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तं दुसऱ्या दिवशी दादाले घेऊन चहा प्यायले आलो असतो मी." रागावला नाही. रागावला असता तं बरं वाटलं असतं.

उन्मेषनं मान खाली घालून जुना व्हिडिओ काढून टाकला. मंग सगळे मोबाईल काढून बसले. कोणाची मामी ब्रह्मपुरीची, कोणाचा जावई आरमोरीचा. जी गल्ली पंधरा दिवस गप्पा करत होती तिनं अर्ध्या तासात दादाचा फोटो झाडीपट्टीतल्या गावागावात पोहोचवला.

निघताना शोभाताईजवळ गेली. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण आठवेना. त्याच म्हणाल्या, "चला घरी. आज तुमच्या घरी फोडणी पडली पाहिजे."

अजून दादाची काही खबर नाही. पण आज मी जेवली.

इंदू


२६ नोव्हेंबर

माया,

दादा सापडला. धडधाकट आहे. आधी हे वाच, श्वास घे, मंग पुढचं.

आज सकाळी सात वाजता अनोळखी नंबरवरून फोन. बाईचा आवाज. "तुमीच का वं इंदूबाई? मी देवकी बोलून राहिली, ब्रह्मपुरीपासून आमचं गाव आठ कोसावर हाय. तुमचा तो हरवलेला माणूस आमच्या गावात रातभर फौजदार होऊन ओरडत होता. व्हिडिओ पाठवला, पाहून घ्या."

मी चष्मा शोधेपर्यंत बातमी गल्लीत गेली होती, कशी ते विचारू नको. माझ्या ओट्यावर मुंगी शिरायले जागा नाही. उन्मेषनं मोबाईल टीव्हीले जोडून दिला.

मंडप. कपड्याचे पडदे, लाल-निळे दिवे, समोर माणसंच माणसं, पोरं गोधड्या गुंडाळून बसलेली. अन् मधी खाकी वर्दीत आपला दादा. मिशा लावलेल्या, हातात दंडा, पोट आत घेऊन उभा. आवाज असा की मले खोटं वाटलं. सावकाराले दम देऊन राहिला. मधेच समोरून ही देवकी उठली अन् ओरडली, "अहो, हा तं हरवलेला माणूस हाय, मोबाईलवाला." सगळा मंडप वळला. दादाले वाटलं, कोणी बाई टवाळी करून राहिली. त्यानं दंडा आपटला अन् तसंच त्या सोंगात म्हणाला, "मी फौजदार हाओ बाई. लोकाइले मी शोधतो, मले कोण शोधते?"

टाळ्या अन् शिट्ट्या काय पडल्या म्हणून सांगू. इकडं आमच्या ओट्यावरही पडल्या. मी हसत होती अन् डोळ्यातून पाणी वाहत होतं, अन् शोभाताईनं माझा हात धरला होता.

थोड्या वेळानं देवकीच्याच फोनवरून दादा बोलला. सगळी गल्ली ऐकत होती, पण त्याले माहीत नव्हतं.

"इंदे, हा काय गोंधळ करून ठेवला? तुले तं सांगितलं होतं ना, नाटकात चाललो म्हणून."

मी म्हणली, "तू खरंच जाशील असं वाटलं नाही, दादा."

"हो," तो म्हणाला, "तेच तं लागलं."

 मंग तोच म्हणाला, फोन मुद्दाम ठेवून गेला होता, चार दिवस राग होता, नंतर राग उतरला पण पाठांतर चढलं. दोन दिवसाआड वेगळं गाव, दिवसा झोप, रात्री प्रयोग. "तुले माहीत आहे मी कुठं आहे, मंग कायले फोन करू, असं वाटत होतं." बिचाऱ्याले वाटलं की त्याच्या बहिणीनं त्याचं बोलणं ऐकलं होतं.

शोभाताईचं काय झालं ते मी त्याले स्वतः सांगितलं. लपवलं नाही. डब्बे किती बंद झाले ते त्यानं दोनदा विचारलं. मंग म्हणाला, "त्याइले फोन दे." शोभाताईनं फोन घेतला. दादा माफी मागायले लागला तं त्याइनं थांबवलं. म्हणाल्या, "तुम्ही कायची माफी मागता? ज्याइनं मागायची ते इथं सगळे बसले आहेत." ओट्यावरच्या माना खाली गेल्या. मंग म्हणाल्या, "वडी प्रवासात टिकली का ते सांगा."

"कंपनीतल्या लोकाइनं पहिल्याच दिवशी संपवली," दादा म्हणाला.

दुपारी आज विहारात संविधान दिवसाचा कार्यक्रम होता. उद्देशिका वाचायचा मान दरवर्षी मले असते. आज मी शोभाताईले वाचायले लावली. त्याइचा आवाज पहिल्या ओळीले कापला, मंग कापला नाही.

इंदू


५ डिसेंबर

माया,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं आणलं तेव्हा माझे हात पिठाचे होते, धुवून पुसेपर्यंत कार्ड धरवेना. एकच ओळ लिहिली तू, "पत्रं मेघाले वाचायले दिली." पुढं काय झालं, ती काय म्हणाली, काही नाही. बरोबर आहे. मले सगळं समजलंच पाहिजे असा माझा हक्क नाही.

दादाचं सांगते. ठाण्यात जाऊन कागदावर सही करून आला, हवालदाराले नाटकाचं तिकीट देऊन आला. हंगाम संपेपर्यंत कंपनीतच राहणार. मंगळवारी आम्ही दोन गाड्या करून त्याचा प्रयोग पाहून आलो, अठरा माणसं. नत्थूनं आयुष्यात पहिल्यांदा ठेला बंद ठेवला. फौजदार आला तं आमच्या गल्लीनं एवढ्या टाळ्या वाजवल्या की सावकाराचं काम करणारा नट संवाद विसरला. मी पहिल्या रांगेत होती. दादानं एकदा माझ्याकडं पाहिलं. काम चांगलं करते, माया. खोटं नाही सांगत. गुडघा दुखते तेव्हा तो दंड्यावर भार देते अन् लोकाइले वाटते फौजदार रुबाब करून राहिला.

शोभाताईचे डब्बे परत सव्वीसवर आले. आठ आले नाहीत. गल्लीतल्या बाया आळीपाळीनं भाजी निवडायले जातात. त्या कोणाले या म्हणत नाहीत, जा म्हणत नाहीत. दारावरचं लिहिलेलं अजून पुसट दिसते, तिथं रंग मारायचं उन्मेषनं कबूल केलं आहे, पण तो कामाचा किती सुस्त ते तुले माहीत नाही.

इतवारीले आत्याकडं जाऊन आली. आत्याले आता ऐकू कमी येते, म्हणून मले ओरडून सांगावं लागलं, की मेघाचं जे मी तुले सांगितलं होतं ते माझ्या मनचं होतं, पोरगी मुलाखतीले गेली होती. आत्याच्या घराखालच्या भांड्याच्या दुकानातली गिऱ्हाइकंही वळून पाहायले लागली. चांगलं झालं. तेव्हा कानात सांगितलं होतं, आता बाजारात सांगितलं. आत्या म्हणाली, "मंग तेव्हा काहून सांगितलं वं तसं?" मी म्हणली, "सांगायले मजा येत होती म्हणून." दुसरं उत्तर माझ्याकडं नाही. तुझ्यासाठीही नाही.

उद्या सहा डिसेंबर. विहारात अभिवादन आहे. ते झालं की मंगळवारी सकाळच्या गाडीनं मी भिलाईले येते. तू बोलावलं नाही, मी येऊन राहिली.

आज सकाळी पिशवी शिवायले टाकली तं ठेल्यावरून हाक आली, "मॅडम, कुठं निघाल्या?" पाच-सहा जण होते. तेच ते. मी थांबली अन् सांगितलं, "बहिणीकडं चालली. सहा वर्षाआधी तिच्या पोरीबद्दल खोटं बोलली होती मी. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. माफी मागायले चालली. ती करेल का नाही, माहीत नाही."

 नत्थूनं सुपारी घोटणं थांबवलं. म्हणाला, "मॅडम, तुम्ही सगळंच सांगून टाकलं. आता आम्ही बोलायचं काय?"

"हेच बोला," मी म्हणली.

तो हात पुसून म्हणाला, "स्टेशनवर सोडून देतो. सकाळी ऑटो मिळत नाही."

दुपारपर्यंत पोहोचते. दार उघडायचं का नाही ते तू पाहा. मी पायरीवर बसून राहीन. मले काही घाई नाही, अन् मेघा सुट्टीवर आली असेल तं तिले सांग, मावशीशी बोलायची जबरदस्ती नाही. तिले जे काय म्हणायचं आहे ते मी ह्यावेळेस शेवटपर्यंत ऐकीन.

इंदू